जुन्या जाहिरातींतली औषधं: बाटलीत नेमकं काय असायचं?

कात्रणवाली

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची वर्तमानपत्रं चाळायला बसलं की बातम्या बाजूला राहतात आणि जीव जाहिरातींत अडकतो. त्यातही औषधांच्या. शक्तीच्या गोळ्या, केस वाढवणारी तेलं, गजकर्णाची मलमं, बाळंतिणीचे काढे, आणि १८९६ नंतर प्लेगवरचे 'हुकमी' इलाज. जामनगरहून मणिशंकर गोविंदजींच्या आतंकनिग्रह गोळ्या, मथुरेहून सुधासिंधु, लाहोरहून अमृतधारा, गिरगावातून डोंगरे बालामृत, विलायतेहून बीचमच्या गोळ्या, होलोवेचं मलम आणि इनोचं फ्रूट सॉल्ट. पोस्टानं १८७७ मध्ये व्ही.पी. सुरू केली आणि हा धंदा खेडोपाडी पोचला. माल हातात पडल्यावर पोस्टमनला पैसे द्यायचे, म्हणून कधी तोंडही न पाहिलेल्या दुकानदारावर लोक भरवसा टाकू लागले.

अशा जाहिरातींची चित्रं हल्ली सगळीकडे फिरतात, लोक कौतुकानं बघतात. पण कुठलीही जाहिरात नीट वाचा. औषध कोणकोणत्या रोगांवर चालतं त्याची ही लांबलचक यादी, किंमत, टपालखर्च, तहसीलदारांपासून शास्त्रीबुवांपर्यंत सगळ्यांची प्रशंसापत्रं, 'नकली मालापासून सावध राहा'. आत काय आहे? त्याबद्दल अक्षर नाही. माझं म्हणणं असं की विकलं जात होतं ते हे गुपितच. ते फुटलं असतं तर बाटलीची किंमत दोन दमड्यांवर आली असती. म्हणून या धाग्यात आठवणी जरूर लिहा, पण ज्याला जे खात्रीनं ठाऊक आहे त्यानं बाटलीच्या आत काय होतं तेही लिहा.

सुरुवात मी क्लोरोडाइननं करते. डॉ. जॉन कॉलिस ब्राउन हा हिंदुस्थानात नोकरीला असलेला ब्रिटिश फौजेतला डॉक्टर. १८४८ मध्ये पटकीवर, म्हणजे कॉलऱ्यावर म्हणून त्यानं हे मिश्रण तयार केलं. पुढे लंडनच्या ग्रेट रसेल स्ट्रीटवरच्या डेव्हनपोर्ट नावाच्या केमिस्टनं ते बाजारात आणलं. आत अफूचा अर्क, गांजाचा अर्क आणि क्लोरोफॉर्म. अफूनं आतड्याची हालचाल मंदावते, त्यामुळे जुलाब थांबायचे. खोकला दबायचा, कळ जाणवेनाशी व्हायची, झोप लागायची. म्हणजे गुण येत होता, यात शंका नाही. पण पटकीत माणूस दगावतो तो अंगातलं पाणी आणि क्षार निघून गेल्यामुळे, आणि त्यावर या बाटलीत काहीही नव्हतं. वर सवय लागायची ती वेगळीच.

फ्रीमन नावाच्या प्रतिस्पर्ध्याबरोबर ब्राउनचं कोर्टात भांडण झालं. १८६४ मध्ये न्यायाधीशांनी ब्राउनलाच खरा जनक ठरवलं, आणि तो निकाल पुढे कित्येक वर्षं जाहिरातीतच छापला जात होता. भांडण होतं ते मान कोणाचा यावर. पिणाऱ्याला अफूबद्दल सांगायचं की नाही, हे कोणी विचारलंच नाही.

गिरगावकर_नंदू

फार चांगला विषय. वाचनखूण साठवली.

मुंबईच्या नकाशावर या दुकानदारांच्या खुणा अजून आहेत. केम्प्स कॉर्नर हे नाव केम्प अँड कंपनी या केमिस्टच्या दुकानावरून पडलं. आणि खंडाळ्याचा अमृतांजन पूल विसरून चालणार नाही. पूल १८३० चा, घाटरस्त्यावरचा. त्यावर अमृतांजनाची मोठी जाहिरात लागली आणि लोकांनी पुलाला तेच नाव देऊन टाकलं. एप्रिल २०२० मध्ये लॉकडाऊनमध्ये रस्ता रिकामा होता तेव्हा तो पाडला.

अमृतांजन मद्रासचं असं बहुतेकांना वाटतं, पण ते जन्मलं मुंबईत, १८९३ मध्ये. काशीनाथुनी नागेश्वरराव पंतुलु या तेलुगू गृहस्थांनी काढलं. सुरुवातीला ते संगीताच्या मैफलींत डब्या फुकट वाटायचे. त्याच पैशावर त्यांनी १९०८ मध्ये मुंबईतूनच 'आंध्र पत्रिका' सुरू केली आणि १९१४ मध्ये बिऱ्हाड मद्रासला हलवलं. डोकेदुखीच्या मलमावर एका भाषेचं वर्तमानपत्र उभं राहिलं, हे मला फार मोठं वाटतं. त्यामुळे या सगळ्या मंडळींना एका माळेत ओवू नका, एवढी विनंती.

भेषजी

मी औषधनिर्माणशास्त्र शिकवतो. अमृतधारेबद्दल लिहितो, कारण ती घरी करून बघता येते.

पंडित ठाकुरदत्त शर्मांनी ती लाहोरात १९०१ च्या सुमारास काढली. मूळ तीन पदार्थ: कापूर, पुदिन्याचं फूल म्हणजे मेंथॉल, आणि ओव्याचं फूल म्हणजे थायमॉल. तिन्ही कोरडे, पांढरे, खड्यांसारखे. समभाग घेऊन काचेच्या बाटलीत टाका, बूच लावा आणि हलवत राहा. पाण्याचा थेंब नाही, आच नाही, तरी खडे कडेनं ओलसर दिसू लागतात, मग एकमेकांना चिकटतात आणि थोड्या वेळात बाटलीत नितळ, तेलासारखा द्रव उरतो. वास असा की डोळ्यांत पाणी येतं. तीन घन पदार्थ एकत्र आले की मिश्रणाचा वितळणबिंदू खोलीच्या तापमानाखाली उतरतो. मी पहिल्या वर्षाच्या वर्गात हे करून दाखवतो तेव्हा मागच्या बाकावरची मुलंसुद्धा पुढे येतात.

उपयोग? मेंथॉलनं गार वाटतं आणि नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं. थायमॉल जंतुनाशक आहे. ओव्यानं गुबारा उतरतो हे आपल्याला घरोघरी माहीत आहे. पण जाहिरातीत पटकीपासून विंचवाच्या दंशापर्यंत सगळं यायचं. आणि एक इशारा: हे तान्ह्या बाळाच्या नाकाला किंवा छातीला लावू नका. कापूर आणि मेंथॉल दोन्ही तान्ह्यांना बाधतात, आणि कापूर पोटात गेला तर झटके येऊ शकतात.

कृती इतकी सोपी की नकला होणारच. कानपूरहून 'लक्ष्मणधारा' निघाली आणि प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९६२ चा तो निकाल ट्रेडमार्कच्या विद्यार्थ्यांना आजही शिकवतात: नावांची बारकाईनं फोड करून चालणार नाही, साधारण बुद्धीच्या आणि अर्धवट आठवण असलेल्या गिऱ्हाइकाचा घोटाळा होईल का, ते बघायचं. घोटाळा होऊ शकतो असं कोर्टानं मानलं, पण अमृतधारावाल्यांनी इतकी वर्षं चालवून घेतलं म्हणून लक्ष्मणधारेला फक्त उत्तर प्रदेशापुरती नोंदणी मिळाली.

कात्रणवालींच्या मुद्द्याला जोड: या लोकांनी पेटंट का घेतलं नाही? पेटंट हवं तर कृती उघड करावी लागते आणि मुदत संपली की ती सगळ्यांची होते. ट्रेडमार्कला मुदतीचं बंधन नाही, नूतनीकरण करत राहायचं. म्हणून नाव नोंदवायचं आणि कृती तिजोरीत ठेवायची.

सुमेधा_लीड्स

इथे विलायतेतल्या बाजूचं थोडं सांगते.

बीचमच्या गोळ्यांची जाहिरात 'एका गिनीच्या मोलाची डबी' अशी असायची. गिनी म्हणजे २१ शिलिंग. डबी मिळायची १ शिलिंग दीड पेनीला, म्हणजे वाचणाऱ्याला वाटावं केवढी स्वस्ताई. ब्रिटिश मेडिकल असोसिएशननं अशा गुप्त औषधांचं पृथक्करण करून १९०९ मध्ये पुस्तकच काढलं. ५६ गोळ्यांच्या त्या डबीत निघालं काय? कोरफडीचा बोळ, सुंठ आणि साबण. मालाची किंमत अर्धी फार्दिंग, आणि एका पेनीत चार फार्दिंग. रेचक म्हणून गोळी चालत होती, पण एवढ्या तीन वस्तूंवर लाखोंची मिळकत उभी होती.

अजून एक गोष्ट. इथल्या बाटल्यांच्या बुचावर सरकारी तिकीट असायचं. ते १७८३ पासूनच्या औषधकराचं. तिकीट म्हणजे कर भरल्याची पावती, पण लोकांना वाटायचं सरकारनं औषध तपासून शिक्का मारलाय, आणि विकणारे हा समज मोडायला उत्सुक नव्हते. तो कर १९४१ मध्ये गेला.

आता ग्राइप वॉटर. नॉटिंगहॅमचा विल्यम वुडवर्ड, १८५१. इंग्लंडच्या पूर्वेकडच्या दलदलीत मुलांना जो ताप यायचा त्यावरच्या औषधावरून त्यानं हे बेतलं. घटक: शेपूच्या बियांचं तेल, खाण्याचा सोडा, साखर, पाणी आणि ३.६ टक्के अल्कोहोल. शेपूच्या बिया म्हणजे आपल्याकडे बाळंतिणीला देतात तो बाळंतशेपाच. भारतात हे १९२८ मध्ये टी. टी. कृष्णम्माचारींच्या कंपनीनं आणलं. 'तू लहान असताना मीही तुला हेच द्यायचे' अशी पणजीपर्यंत जाणारी जाहिरात माझ्या पिढीला तोंडपाठ आहे. इथे ब्रिटनमध्ये त्यातलं अल्कोहोल १९९० च्या दशकात काढलं गेलं. म्हणजे तोवर चार-पाच पिढ्यांची बाळं शांत झाली, त्यात शेपूचा वाटा किती आणि अल्कोहोल-साखरेचा किती, हे आता कोण सांगणार.

परळकर_अनंत

सुमेधाताईंनी बाळांचा विषय काढलाय तर मुंबईचं दुखरं पानही इथे यायला हवं. बाळगोळी. गिरणीत पाळीला जाणाऱ्या बायका तान्ह्या मुलाला अफूची गोळी देऊन जायच्या. मूल दिवसभर गुंगीत पडून राहायचं. १८९३-९५ च्या अफू आयोगापुढे मुलांना अफू देण्याचा विषय निघाला होता, आणि १९२९-३१ च्या कामगार आयोगानं ही चाल बंद करण्याबद्दल लिहिलं. मधल्या काळात किती मुलं वाढली आणि किती गेली, याचा विचार करवत नाही.

यात त्या बायांना दोष देऊ नये. पाळणाघर नाही, रजा नाही, सासू गावाला. इंग्लंडातल्या गिरणगावांतही अफू घातलेलं गॉडफ्रेज कॉर्डियल मुलांना पाजलं जात होतंच. आमच्या चाळीतल्या म्हाताऱ्या बायका हा विषय निघाला की उठून जायच्या.

सरिता_कऱ्हाड

वाचून सुन्न झाले. आमच्याकडे आजीची गुटी होती, वेखंड, जायफळ, हिरडा, मुरुडशेंग, सहाणेवर मोजून वेढे. त्यात काय आहे ते घरातल्या प्रत्येकीला माहीत असायचं.

जनूकाका

माझं वय पंच्याहत्तरच्या पुढे. तुम्ही सगळे चांगलं लिहिताय, पण एक बाजू राहतेय. ज्या तालुक्यात एक डॉक्टर आणि तोही वीस मैलांवर, तिथे माणसानं करायचं काय होतं? व्ही.पी.नं आलेल्या बाटलीचा आधार होता. आणि गुपिताचं म्हणाल तर ते फक्त बनियांकडे नव्हतं. डॉ. भाऊ दाजी लाड घ्या. ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या पदवीधरांपैकी, केवढे विद्वान. महारोगावर त्यांनी औषध शोधलं आणि त्याची कृती त्यांनी पुरती पारख होईपर्यंत उघड केली नाही. १८७४ मध्ये ते गेले. औषध होतं कडू कवठाच्या बियांच्या तेलाचं, म्हणजे चौलमुग्र्याच्या जातीचं. ते थोतांड नव्हतं. १९४० च्या दशकात सल्फोन जातीची नवी औषधं येईपर्यंत जगभर महारोगावर याच जातीची तेलं वापरली गेली.

मी लहानपणी एका दवाखान्यात कंपाउंडरच्या हाताखाली बसायचो, ते सांगतो. रोगी घरून रिकामी बाटली घेऊन यायचा. कंपाउंडर मोठ्या बरणीतलं गुलाबी मिक्श्चर भरायचा, वर पाणी. मग कागदाची लांब पट्टी घेऊन तिच्या सारख्या घड्या घालायचा आणि कात्रीनं घडीचा कोपरा तिरका उडवायचा. पट्टी उलगडली की कडेनं दात्रे पडलेले असायचे. खळ लावून ती बाटलीवर चिकटवली की एक दात्रा म्हणजे एक डोस. अक्षरओळख नसलेली बाईसुद्धा बिनचूक औषध पाजायची. विषारी औषधांना खाचा पाडलेल्या सहा बाजूंच्या निळ्या-हिरव्या बाटल्या असायच्या, रात्री अंधारात हात लागला तरी कळावं म्हणून. ही अक्कलही त्याच केमिस्टांच्या काळातली आहे. तीही लिहा.

कात्रणवाली

जनूकाका, पट्टीचं वर्णन फार मोलाचं आहे, असं कुठे लिहिलेलं सापडत नाही. बाटलीच्या आधाराचंही पटतं. पण दुसरा रस्ता नव्हताच, हे मला मान्य नाही. क्विनाइन बघा. ज्याच्या सालीतून ते निघतं त्या सिंकोना झाडाची निलगिरीत आणि दार्जिलिंगच्या बाजूला सरकारनं लागवड केली होती. १८९२ पासून बंगालमध्ये पोस्टात क्विनाइनच्या पुड्या मिळू लागल्या, एका पैशाला एक. पुढे इतर प्रांतांतही. वर नाव, आत तेच औषध, हिवतापावर खरोखर लागू पडणारं. ज्या पोस्टमनच्या पिशवीतून रुपयाचं टॉनिक यायचं, त्याच खात्यात ही पैशाची पुडी होती. तिला जाहिरात नव्हती, प्रशंसापत्रं नव्हती, आणि चवीला कडूजहर. लोक टॉनिककडे गेले ते केवळ नाइलाजानं नव्हे.

भाऊ दाजींबद्दल मला मनापासून आदर आहे. पण त्यांचंच उदाहरण माझ्या बाजूनं बोलतं. औषध खरं होतं आणि कृती झाकलेली राहिली, म्हणून त्यांच्या पश्चात त्यांचे अनुभव इतरांना तपासता आले नाहीत. गुपितानं खऱ्या औषधाचंही नुकसानच होतं.

बडोद्याची_सून

आमच्या बडोद्याचं कोणी काढेल म्हणून वाट बघत होते. प्रा. त्रिभुवनदास गज्जर. १८९६ च्या ऑक्टोबरात मुंबईत व्हिक्टोरिया राणीच्या संगमरवरी पुतळ्याला डांबर फासलं गेलं. पुढे दामोदर चाफेकरांनी ते आपण केल्याचं लिहून ठेवलं. ते डांबर कोणालाच निघेना. शेवटी रसायनशास्त्राच्या गज्जरांनी दगडाला इजा न करता काढून दिलं. तो पुतळा आता राणीच्या बागेत, भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे.

हेच गज्जर, त्यांचे मराठी सहकारी कोटिभास्कर आणि भाईलालभाई अमीन यांनी १९०७ मध्ये, सयाजीराव महाराजांच्या राज्यात अलेम्बिक काढली. पहिल्या मालात टिंक्चरं, म्हणजे अल्कोहोलमध्ये काढलेले औषधी अर्क, आणि अल्कोहोल. ऐकायला साधं वाटतं, पण हिंदुस्थानातली डॉक्टर मंडळी टिंक्चरासाठी विलायतेच्या बोटीकडे डोळे लावून बसलेली असायची. इथे ठरलेल्या मापाचं टिंक्चर बनू लागलं, वर नाव आणि प्रमाण लिहिलेलं. मला यात अभिमान वाटतो तो याचा.

हावडाब्रिज

नोकरीनिमित्त कोलकात्यात आहे, म्हणून तिकडची भर. इथे बाथगेट कंपनी १८११ पासूनची. बी. के. पाल यांचं 'एडवर्ड्स टॉनिक' हिवतापावर म्हणून घरोघरी असायचं. पण वेगळा मार्ग धरला तो आचार्य प्रफुल्लचंद्र रायांनी. १८९२ मध्ये अप्पर सर्क्युलर रोडवरच्या राहत्या घरात बेंगॉल केमिकलची सुरुवात. फॉस्फेट ऑफ सोडा बनवायला हाडांची राख लागते, म्हणून खाटकांकडून हाडं आणून गच्चीवर वाळत घातली. घाण सुटली, कावळे जमले, हाडं शेजाऱ्यांच्या दारात पडू लागली आणि तक्रारी झाल्या. मग ती माणिकतल्याला मोकळ्या जागेत नेऊन रात्री जाळली, तर पोलिसांना वाटलं कोणी प्रेत जाळतंय.

त्यांच्या मालात अडुळशाचं सिरप होतं, ओव्याचा अर्क होता. आपल्या घरातलेच पदार्थ, पण ठरलेल्या मापात आणि उघड नावानं.

भेषजी

ही दोन्ही उदाहरणं धाग्याचा गाभा आहेत असं मला वाटतं. देशी की विलायती हा मुद्दा नव्हताच. अफूचं क्लोरोडाइन आणि अफूची बाळगोळी एकाच पारड्यात बसतात. अलेम्बिकचं टिंक्चर आणि पैशाची क्विनाइनची पुडी दुसऱ्या पारड्यात. मधे रेघ आहे ती लेबलाची.

कायद्याचा क्रमही लिहून ठेवतो. १९३० मध्ये कर्नल रामनाथ चोप्रांच्या अध्यक्षतेखाली औषध चौकशी समिती नेमली गेली, १९३१ मध्ये अहवाल आला. भेसळ, हलका माल, कसलाच धरबंद नाही, असं चित्र त्यात होतं. प्रत्यक्ष औषध कायदा व्हायला १९४० उजाडलं. आयुर्वेदिक औषधं त्या कायद्याच्या कक्षेत आली ती १९६४ च्या दुरुस्तीनं. आणि अमुक रोग हमखास बरा करतो असल्या जाहिरातींना आळा घालणारा चमत्कारी उपायांचा कायदा १९५४ चा.

मुंबई राज्यापुरतं आणखी एक. १९४९ च्या दारूबंदी कायद्यात अल्कोहोल असलेली औषधं आणि सुगंधी द्रव्यंही सापडली. बलसारा नावाच्या गृहस्थांनी त्याला आव्हान दिलं. १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं औषधं आणि प्रसाधनांपुरता तो भाग रद्द केला. 

नवी_वाचक

पहिल्यांदाच लिहितेय. माहेरचं जुनं घर आवरताना माळ्यावर एक लाकडी पेटी निघाली. त्यात छोट्या बाटल्या आहेत, दोन-तीन बुचांच्या, एकीच्या तळाशी काळपट, घट्ट काहीतरी उरलंय. इंग्रजी लेबल अर्धं गेलंय, 'क्लोरो' एवढंच वाचता येतं. ठेवू की टाकू? नवरा म्हणतो धुऊन शोभेला ठेवू.

भेषजी

धुऊ नका. आणि बूच उघडू नका, वास तर अजिबात घेऊ नका. क्लोरोडाइन असेल तर द्रव उडून गेल्यामुळे उरलेल्या गाळात अफूचा अंश बऱ्यापैकी दाट असू शकतो. मोरीत किंवा बेसिनमध्ये ओतू नका. बाटली तशीच एका झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात ठेवा, वर मोठ्या अक्षरात 'विष' लिहा आणि मुलांच्या हाताला लागणार नाही अशा कपाटात कुलपात ठेवा. मग जवळच्या फार्मसी कॉलेजला फोन करून सांगा, ती मंडळी रीतसर विल्हेवाट कशी लावायची ते सांगतील. लेबलाला ओलं फडकं लावू नका, आहे त्या स्थितीत चारही बाजूंनी फोटो काढा.

कात्रणवाली

आणि ते फोटो इथे टाका. विशेषतः मागच्या बाजूचं लेबल, जिथे डोस छापलेला असतो. 'तान्ह्या मुलास इतके थेंब' अशी ओळ दिसतेय का, तेवढं बघून सांगाल?

नवी_वाचक

डब्यात ठेवली आणि कुलूप लावलं. मागचं लेबल बरंच शाबूत आहे. वयाप्रमाणे थेंबांचा तक्ता आहे आणि सगळ्यात वरची ओळ एक वर्षाखालच्या मुलांची आहे. दिवसाउजेडी फोटो काढून उद्या टाकते.